अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली तर: दिवे दिसल्यापासून निघेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

नव्याने गाडी चालवू लागलेले विद्यार्थी, एच-वन-बीवर आलेली मंडळी आणि सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आईबाबा यांना मी काही वर्षांपासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावते आहे, आणि तरीही त्याच चुका होत राहतात. पोलिसांनी थांबवलं की आपली माणसं दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण घाबरून प्रत्येक वाक्याला ‘येस सर’ म्हणतात. काही जण व्हिडिओत पाहिलेला वाद तिथेच रस्त्यावर घालू लागतात. पहिल्यात हक्क आपल्याच तोंडाने सोडून दिले जातात, दुसऱ्यात जिवाला धोका असतो.

म्हणून मधला रस्ता लिहिते आहे: शरीराने पूर्ण सहकार्य, तोंडाने मोजके शब्द. हे सगळं सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. प्रत्यक्ष खटला उभा राहिला तर तुमच्या राज्यातला वकीलच गाठायला हवा, कारण राज्याराज्यांत फरक आहे आणि तो कधी कधी मोठा असतो.

## आधी तीन पायऱ्या पक्क्या करा

अमेरिकन घटनेची चौथी दुरुस्ती अवास्तव झडती आणि अटकावापासून संरक्षण देते. पोलिसांनी रस्त्यात गाडी थांबवणं हासुद्धा अटकावच मानला जातो, त्यामुळे त्याला कारण लागतं. नुसता परवाना बघायचा म्हणून कुणालाही सहज थांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ‘डेलावेअर विरुद्ध प्राउझ’ खटल्यात सांगितलं.

पुढचं सगळं तीन पायऱ्यांवर चालतं.

पहिली पायरी तुमची संमती. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर पोलिसांना कोणतंही कारण लागत नाही.

दुसरी ‘रीझनेबल सस्पिशन’, म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल असा वाजवी संशय. ‘मला असं वाटलं’ एवढ्यावर भागत नाही. या पायरीवर तुम्हाला थोडा वेळ थांबवून चौकशी करता येते.

तिसरी ‘प्रॉबेबल कॉज’, म्हणजे गुन्हा झाला आहे किंवा गाडीत पुरावा आहे असं मानायला सबळ कारण. या पायरीवर अटक होऊ शकते. गाडीची झडतीही वॉरंटशिवाय घेता येते. घराला वॉरंट लागतं तसं गाडीला लागत नाही आणि हा नियम १९२५ पासूनचा आहे. ‘वॉरंट कुठे आहे?’ असं रस्त्यावर विचारण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

पुढचा प्रत्येक टप्पा वाचताना स्वतःला विचारा: आत्ता आपण कोणत्या पायरीवर आहोत?

## टप्पा १: किल्ली फिरवण्याआधी

परवाना, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड हे तीन कागद एका पाकिटात, हाताशी ठेवा. विम्याचं कार्ड कागदावर छापलेलंच ठेवा. बहुतेक राज्यांत ते फोनवर दाखवलं तरी चालतं, पण मग उघडा फोन पोलिसाच्या हातात जातो. फोनमध्ये काय आहे ते बघायला वॉरंट लागतं असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘रायली’ निकालात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं आहे. तो फोन आपणच उघडून हातात द्यायचा कशाला? त्यावर सहा आकडी कुलूप ठेवा.

नागरिक नसाल तर आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत किंवा ग्रीन कार्ड जवळ हवं. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा केंद्रीय कायदा आहे आणि आपले बरेच लोक तो ‘घरी फाइलमध्ये आहे’ म्हणून सोडून देतात.

भाड्याची गाडी असेल तर चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घाला. नाव नसलं तरी घटनेचं संरक्षण आपोआप जात नाही, हे २०१८ च्या ‘बर्ड’ निकालाने स्पष्ट केलं. पण नाव असलं की तो मुद्दा निघतच नाही.

आता गाडीची पाहणी करा. दोन्ही ब्रेक लाइट, नंबर प्लेटवरचा दिवा, आणि आरसा. आरशाला लटकवलेला गणपती, माळ किंवा लिंबू-मिरची समोरची काच अडवते, म्हणून अनेक राज्यांत तेवढ्यावर गाडी थांबवता येते. गणपती डॅशबोर्डवर खाली बसवा. खरं कारण दुसरंच होतं, हा तर निमित्त होता, असा युक्तिवाद चौथ्या दुरुस्तीखाली चालत नाही. नियम खरंच मोडलेला असेल तर पोलिसाच्या मनात काय होतं हे न्यायालय पाहत नाही, असं १९९६ च्या ‘व्रेन’ निकालापासून ठरलेलं आहे. २०१४ च्या ‘हाइन’ खटल्यात तर एक ब्रेक लाइट बंद म्हणून गाडी थांबवली होती, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याप्रमाणे एक दिवा पुरेसा होता. तरीही पोलिसाची कायद्याबद्दलची चूक वाजवी होती म्हणून गाडी थांबवणं वैध ठरलं. निमित्त मिळूच नये एवढंच आपल्या हातात आहे.

आणखी एक, जे फक्त आपल्या लोकांना सांगावं लागतं. बिनलेबलच्या झिपलॉक पिशवीतली पांढरी किंवा करडी पूड गाडीत ठेवू नका, मग ती विभूती असो, आयुर्वेदिक चूर्ण असो की घरचं भाजलेलं पीठ. अमली पदार्थ ओळखायला पोलीस रस्त्यावर करतात त्या रासायनिक चाचण्या चुकतात. भारतातून आणलेली औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. अल्प्राझोलम आणि ट्रामाडॉल ही दोन्ही इथे नियंत्रित औषधं आहेत. बाबांच्या पर्समध्ये सुटी पट्टी सापडली आणि चिठ्ठी नसली, तर तो नुसता गैरसमज राहत नाही.

तपासा: जवळच्या एका माणसाचा फोन नंबर तुम्हाला तोंडपाठ आहे का? अटक झाली तर फोन हातात नसतो.

शेवटी, खालची चार वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. मनात म्हणून उपयोग नाही. घाबरल्यावर जिभेला सवय असलेलेच शब्द बाहेर येतात.

१. ‘आय डू नॉट कन्सेंट टू एनी सर्च.’
२. ‘अॅम आय फ्री टू गो?’
३. ‘आय अॅम गोइंग टू रिमेन सायलेंट.’
४. ‘आय वॉन्ट अ लॉयर.’

## टप्पा २: दिवे दिसल्यापासून काच खाली येईपर्यंत

मागे पोलिसांच्या गाडीचे चमकणारे दिवे दिसले की उजवा सिग्नल द्या, वेग कमी करा, सुरक्षित जागी उजवीकडे थांबा. रात्र असेल आणि जागा निर्जन असेल तर हॅझर्ड लावून हळू जात उजेडाच्या जागेपर्यंत जाता येतं. मागच्या गाडीवर पोलिसांची खूण नसेल आणि शंका वाटत असेल तर ९११ ला फोन करून खात्री करा.

इंजिन बंद करा. रात्री आतला दिवा लावा. काच खाली घ्या. दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला ठेवा आणि तिथेच राहू द्या.

गाडीतून उतरू नका. सगळ्यात धोकादायक सवय हीच आहे आणि ती आपल्या अंगात मुरलेली आहे. महाराष्ट्रात गाडी बाजूला घेतली की आपण उतरतो, कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो. पहिल्यांदा मला थांबवलं तेव्हा मीही दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता. मागून आलेला आवाज आणि कमरेपाशी गेलेला त्या पोलिसाचा हात मी विसरलेले नाही. इथल्या पोलिसाला उतरून चालत येणारा माणूस हल्ला करायला येतोय असं वाटू शकतं.

गाडीतल्या ज्येष्ठांना ही गोष्ट प्रवासाआधीच मराठीत सांगून ठेवा: उतरायचं नाही, पट्टा सोडायचा नाही, पर्समध्ये हात घालायचा नाही, हात मांडीवर दिसतील असे ठेवायचे. ऐन वेळी समजावायला गेलात तर गाडीत कळत नसलेल्या भाषेत घाईघाईचं बोलणं सुरू झालेलं पोलिसाला दिसतं.

खबरदारी: कागद शोधायचे ते पोलिसाने मागितल्यावर, आणि हात हलवण्याआधी सांगून: ‘कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आहेत, मी आता उघडते आहे.’ तो ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत थांबा.

## टप्पा ३: पहिले दोन प्रश्न

परवाना, रजिस्ट्रेशन आणि विमा दाखवणं बंधनकारक आहे. इथे हक्काची भाषा आणू नका.

मग बहुधा प्रश्न येतो, ‘तुम्हाला का थांबवलं, माहीत आहे का?’ आपल्याकडे चूक कबूल केली की समोरचा निवळतो, म्हणून ‘सॉरी सर, थोडी स्पीड जास्त झाली’ असं आपण बोलून जातो. इथे ते वाक्य कॅमेऱ्यात नोंदलं जातं आणि कोर्टात तुमच्याच विरोधात वापरलं जातं. उत्तर सौम्य आणि छोटं ठेवा: ‘नो, ऑफिसर.’ खरंच माहीत असेल आणि खोटं बोलायचं नसेल तर ‘आय वुड रादर नॉट से.’ खोटं मात्र कधीही, कशाबद्दलही नाही. गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं बोलण्याचा नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून पोलिसाने इतर काही विचारण्याआधी थांबवण्याचं कारण सांगायचं असतं. तिथे राहणाऱ्यांनी शांतपणे ऐकून घ्यावं, म्हणजे बोलण्याची गरजच कमी होते.

‘कुठून आलात, कुठे चाललात’ यांची उत्तरं देणं सक्तीचं नाही. माझं मत विचाराल तर साध्या प्रश्नाला एका ओळीचं खरं उत्तर देऊन वातावरण शांत ठेवावं, पण प्रश्न पुढे पुढे जाऊ लागले की थांबावं. मी कुठे नोकरी करते, गाडीत मागे कोण आहे, पार्टी कुठे होती, हा सगळा वृत्तांत कुणी मागितलेला नाही आणि त्यातली एखादी विसंगतीच पुढे संशयाचं कारण म्हणून अहवालात येते.

व्हिसाबद्दल विचारलं तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. मी अमेरिकन नागरिक आहे असं चुकूनही म्हणू नका, त्या एका खोट्या वाक्याने इथलं सगळं भविष्य संपू शकतं. आणि बनावट किंवा दुसऱ्याचा कागद पुढे करू नका.

खबरदारी: पैसे देण्याचा इशारासुद्धा करू नका. ‘इथेच मिटवता येईल का’ हे वाक्य इथे लाच देऊ करणं ठरतं आणि तो गंभीर गुन्हा आहे. परवान्याच्या पाकिटात चुकून नोट राहिली नाही ना, हेही बघा.

## टप्पा ४: घड्याळाकडे लक्ष

सगळ्यात कमी माहिती असलेला भाग हा आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही.

किती वेळ थांबवून ठेवता येतं? मिनिटांचा ठरलेला आकडा नाही. १९८५ च्या ‘शार्प’ खटल्यात वीस मिनिटंही चालली, कारण पोलीस तत्परतेने काम करत होते. मोजायचं ते काम. या थांब्याचं, म्हणजे वाहतुकीच्या नियमासाठी गाडी थांबवण्याचं, काम म्हणजे परवाना तपासणं, चालकाच्या नावावर अटकेचं वॉरंट आहे का बघणं, रजिस्ट्रेशन आणि विमा पाहणं, आणि तिकीट किंवा ताकीद लिहून देणं. ते संपलं, किंवा रेंगाळलं नसतं तर संपायला हवं होतं, की थांब्याचा अधिकारही संपतो.

हा नियम ‘रॉड्रिगेझ विरुद्ध अमेरिका’ या २०१५ च्या निकालातला. घटना नेब्रास्काची, २७ मार्च २०१२ ची मध्यरात्र. एक गाडी क्षणभर शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर गेली, म्हणून १२ वाजून ६ मिनिटांनी तिला थांबवलं. चालकाने खड्डा चुकवल्याचं सांगितलं. पोलिसाने कागद तपासले, लेखी ताकीद दिली, कागद परत केले. थांबवण्याचं कारण तिथे संपलं होतं. मग त्याने विचारलं, गाडीभोवती अमली पदार्थ हुंगून ओळखणारा कुत्रा फिरवू का? चालक नाही म्हणाला. पोलिसाने त्याला खाली उतरवून दुसरा पोलीस येईपर्यंत थांबवलं आणि मग कुत्रा फिरवला. ताकीद दिल्यापासून कुत्र्याने इशारा देईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. गाडीत अमली पदार्थ सापडले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की वाजवी संशय नसेल तर ही सात-आठ मिनिटंसुद्धा घटनाबाह्य आहेत.

या खटल्याचा पुढचा भाग बहुतेक जण सांगत नाहीत. प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं, आणि पोलिसाने त्या वेळच्या स्थानिक निकालांवर विश्वास ठेवून काम केलं म्हणून पुरावा शेवटी ग्राह्यच धरला गेला. तत्त्व जिंकलं, तरी त्या माणसाची सुटका झाली नाही. रस्त्यावर ‘रॉड्रिगेझ, रॉड्रिगेझ’ म्हणून हुज्जत घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हा नियम वापरायची जागा कोर्ट आहे.

मग रस्त्यावर तुमचं काम काय? वेळा लक्षात ठेवणं. दिवे कधी दिसले, कागद कधी दिले, पोलीस आपल्या गाडीकडे कधी गेला, परत कधी आला, तिकीट हातात कधी आलं. डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे नुसतं बघत राहिलात तरी पुरे.

काम चालू असताना पोलीस इतर प्रश्न विचारू शकतो, कुत्राही फिरवू शकतो, पण त्यामुळे थांबा लांबता कामा नये. दुसरा पोलीस कुत्रा फिरवतोय आणि पहिला तिकीट लिहितोय, तर ते चालतं. तिकीट बाजूला ठेवून कुत्र्याची वाट बघितली, तर प्रश्न उभा राहतो.

तपासा: गाडीतून वास, विसंगत उत्तरं, उघड्यावर दिसणारी वस्तू असं काही नवं निघालं का? निघालं असेल तर दुसऱ्या पायरीवरचा नवा थांबा सुरू होतो आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होतं.

## टप्पा ५: ‘गाडीतून उतरा’ म्हटलं तर

उतरा. वाद नको. चालकाला उतरवण्याचा अधिकार १९७७ पासून आणि बरोबरच्या प्रवाशांना उतरवण्याचा १९९७ पासून पोलिसांकडे आहे, त्यासाठी वेगळं कारण लागत नाही. व्हिडिओ पाहून ‘का उतरू?’ म्हणणाऱ्यांची इथेच सर्वांत जास्त फसगत होते. हळू उतरा, दार मागे बंद करा, हात दिसू द्या.

अंगझडती मात्र वेगळी. तिला तुमच्याजवळ हत्यार आहे आणि तुम्ही धोकादायक आहात असा वाजवी संशय लागतो. संशय नसतानाही पोलिसाने अंगाला हात लावला तर हात झटकू नका, अंग आखडू नका. ‘आय डू नॉट कन्सेंट’ एवढंच म्हणा.

## टप्पा ६: झडतीचा प्रश्न

आपले लोक सगळ्यात जास्त हरतात ते इथे, आणि तेही सौजन्यापोटी.

पोलीस झडतीची परवानगी मागतो तेव्हा ती हुकमासारखी वाटत नाही. गप्पा मारता मारता विचारल्यासारखी वाटते. आणि नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे हे सांगण्याचं बंधन त्याच्यावर नाही, हे १९७३ पासून ठरलेलं आहे. तो परवानगी मागतोय याचा अर्थ बहुतेक वेळा हाच की तिसऱ्या पायरीवर जायला त्याच्याजवळ कारण नाही.

तीन सापळे आहेत.

‘डू यू माइंड’चा सापळा. ‘डू यू माइंड इफ आय टेक अ लुक?’ याला ‘नो’ म्हटलं तर अर्थ होतो ‘माझी हरकत नाही’, म्हणजे परवानगी. ‘येस’ म्हणाल तर तोही हवा तसा ऐकला जाऊ शकतो. म्हणून झडतीच्या कोणत्याही प्रश्नाला हो-नाही उत्तर देऊच नका. पूर्ण वाक्य म्हणा: ‘ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू एनी सर्च.’

मानेचा सापळा. ऐकतोय हे दाखवायला आपण मान डोलावतो. आपल्यासाठी ते ‘हं, पुढे बोला’ असतं. इथे ते ‘हो’ असतं, आणि संमती हावभावानेही दिली जाते. बोलणं चालू असताना मान स्थिर ठेवायची सवय करा. हे क्षुल्लक वाटेल, पण भाषा नीट न येणाऱ्या आईबाबांच्या बाबतीत सगळा वाद नेमका यावरच फिरू शकतो.

निरोपाचा सापळा. पोलीस कागद परत देतो, ‘हॅव अ सेफ ट्रिप’ म्हणतो, तुम्ही सुटकेचा श्वास सोडता, आणि तो वळून म्हणतो, जाण्याआधी एक विचारू? ओहायोतला १९९६ चा ‘रॉबिनेट’ खटला असाच होता. ताकीद देऊन, परवाना परत करून पोलिसाने गाडी बघण्याची परवानगी मागितली आणि मिळवली. ‘आता तुम्ही जायला मोकळे आहात’ असं आधी सांगण्याची सक्ती घटना करत नाही, असा निकाल आला. कागद हातात आल्यावर आलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे पहिल्या पायरीवरचा, फक्त तुमच्या संमतीवर चाललेला संवाद असू शकतो, हे ओळखा.

‘लपवायचं काही नाही, मग बघू दे की’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. गाडी सेकंडहँड घेतलेली असते. मागच्या सीटवरून काल कोण गेलं हे आठवत नसतं. रूममेटची बॅग डिकीत असते. आणि संमती दिली की ‘गाडी’मध्ये तिच्यातल्या बंद पिशव्याही येऊ शकतात, हे १९९१ च्या ‘हिमेनो’ निकालात आहे. दिलेली संमती मध्येच मागे घेता येते, पण तोवर काही सापडलं तर उशीर झालेला असतो.

नाही म्हटल्यावरही झडती सुरू झाली तर? अडवू नका. बाजूला उभ्या राहा, एकदा पुन्हा तेच वाक्य म्हणा. त्या नकाराची किंमत पुढे कोर्टात आहे. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा बाहेर ठेवण्याचा अर्ज वकील करू शकतो, आणि तुम्ही ‘हो’ म्हटलेलं असेल तर तो अर्ज बहुधा तिथेच पडतो.

राज्याची घटना जास्तही देऊ शकते. आपली एवढी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत, २००२ च्या ‘कार्टी’ निकालानुसार, रस्त्यावर थांबवलेल्या गाडीच्या झडतीची परवानगी मागायलासुद्धा पोलिसाला वाजवी संशय लागतो. २०२१ पासून तिथे नुसता गांजाचा वास हाही संशयाला पुरेसा नाही. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलात की न्यू जर्सीचे नियम तुमच्याबरोबर येत नाहीत.

## टप्पा ७: निघता येतं का, हे विचारणं

तिकीट किंवा ताकीद मिळाली, कागद परत आले, आणि तरी बोलणं चालू आहे. आता म्हणा, ‘अॅम आय फ्री टू गो?’

उत्तर ‘हो’ आलं तर धन्यवाद म्हणून, सिग्नल देऊन, सावकाश निघा. उत्तर ‘नाही’ आलं तर थांबा. आता हा संमतीचा संवाद राहिला नाही, अटकाव झाला, आणि त्याचं कारण पुढे पोलिसाला द्यावं लागेल. उत्तर टाळलं तर अर्ध्या मिनिटाने तोच प्रश्न पुन्हा, त्याच आवाजात. प्रश्न न विचारता गाडी सुरू करून निघण्याची चूक कधीही करू नका.

तिकिटावर सही करायला सांगितली तर करा. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, ती सही गुन्ह्याची कबुली नसून कोर्टात हजर राहीन एवढं वचन असतं, आणि नाकारली तर अटक होऊ शकते.

## टप्पा ८: दारूचा संशय

एका रेषेत चालणं, एका पायावर उभं राहणं या रस्त्यावरच्या कसरती बहुतेक राज्यांत ऐच्छिक असतात. अटकेनंतरची श्वासचाचणी मात्र वेगळी: परवाना घेतानाच तिला मान्यता दिलेली मानली जाते, नाकारली तर परवाना जातो. रक्त काढायला सहसा वॉरंट किंवा संमती लागते, हे २०१६ च्या ‘बर्चफील्ड’ निकालात आहे.

व्हिसावर असणाऱ्यांनी इथे थांबून वाचा. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरून, दोषी ठरण्याच्या आधीच, परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं आणि करतं. दोन बिअर घेतल्या असतील तर गाडी तिथेच ठेवून उबर करा.

## मागे बसलेल्यांसाठी

गाडी थांबली की प्रवासीही थांबवलेला धरला जातो, आणि त्या थांब्याला तोही आव्हान देऊ शकतो (२००७, ‘ब्रेंडलिन’). पण मित्राच्या गाडीच्या झडतीवर सहसा हरकत घेता येत नाही. ओळखपत्र दाखवायचं की नाही हे राज्याप्रमाणे बदलतं. प्रवाशानेही ‘अॅम आय फ्री टू गो?’ विचारावं, आणि चालकाच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. चित्रीकरण करायचं तर प्रवाशाने, फोन आधीपासून हातात दिसत असेल तरच, स्थिर धरून करावं.

## टप्पा ९: अटक झाली तर

छोट्याशा नियमभंगासाठीही अटक होऊ शकते. सीट बेल्ट लावला नाही म्हणून टेक्सासमध्ये एका आईला बेड्या पडल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती अटक वैध ठरवली. ‘एवढ्यासाठी?’ हा वाद रस्त्यावर घालू नका.

रस्त्यावरच्या साध्या प्रश्नोत्तरांना ‘तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे’ हा सिनेमात ऐकलेला इशारा लागू नसतो. तो इशारा ताब्यात घेऊन प्रश्न विचारताना लागतो. म्हणून ‘मला हक्क वाचून दाखवले नाहीत’ यावर विसंबू नका.

आता शब्द स्पष्ट हवेत. १९९४ च्या ‘डेव्हिस’ खटल्यात आरोपी म्हणाला होता की कदाचित मी वकिलाशी बोलायला हवं. न्यायालयाने ते वकील मागणं मानलं नाही. आपली बोलण्याची पद्धत अगदी अशीच आहे: ‘वकिलाशी बोललो तर चालेल का?’, ‘मला वाटतं बोलावं.’ इथे ती नडते. ‘आय वॉन्ट अ लॉयर.’ पुढे काही नाही. ‘आय अॅम गोइंग टू रिमेन सायलेंट’ हेही तोंडाने म्हणायचं, कारण नुसतं गप्प बसणं पुरेसं धरलं जात नाही. आणि म्हटल्यावर खरंच गप्प राहायचं, कोठडीत शेजारी बसलेल्याशीसुद्धा.

भारतीय नागरिक असाल तर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगा. वॉरंटशिवाय अटक झाली असेल तर साधारण ४८ तासांच्या आत न्यायाधीशाने कारण तपासायला हवं.

## टप्पा १०: घरी पोचल्यावर, त्याच रात्री

झोपण्याआधी लिहून काढा: वेळा, जागा, पोलिसाचं नाव आणि बिल्ला क्रमांक, गाडीचा क्रमांक, कोण काय म्हणालं ते शब्दशः, कोणता प्रश्न कागद परत आल्यावर आला. मराठीत लिहिलं तरी चालेल, पण इंग्रजी वाक्यं ऐकली तशीच उतरवा. प्रवाशांनी वेगळं, एकमेकांशी न बोलता लिहावं. डॅशकॅमचं चित्रण लगेच काढून ठेवा, नाहीतर त्याच्यावरच नवं चित्रण होतं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रणही ठरावीक काळाने पुसलं जातं, ते मागायचा अर्ज वकिलाकडून लवकर करून घ्या.

तक्रार करायची असेल तर आधी वकिलाशी बोला. तुमच्यावर खटला चालू असताना तक्रारीत लिहिलेलं प्रत्येक वाक्य तुमचंच निवेदन ठरतं. समाजमाध्यमांवर त्या रात्री काहीही लिहू नका.

तिकिटावरची कोर्टाची किंवा उत्तर देण्याची तारीख फोनमध्ये दोन आठवणींसह टाका. दंड ऑनलाइन भरणं म्हणजे बहुतेक ठिकाणी गुन्हा मान्य करणं असतं, म्हणून पे बटण दाबण्याआधी एकदा विचारून घ्या. आणि ती तारीख चुकली तर अटकेचं वॉरंट निघू शकतं, मग पुढच्या वेळी मागे दिवे लागतील तेव्हा पोलिसाकडे तिसऱ्या पायरीवरचं कारण आधीपासूनच असेल.